रकाना अकरा

यंत्राची टिकटिक तळाला जाते
आणि आकडा होऊन वर येते.
दोन पूर्णांक एक. एक पूर्णांक नऊ. शून्य पूर्णांक सहा.
मी लिहीत जाते. रोजी साडेचारशे, डबा आपला आपण.
अक्षर बरं म्हणून सरपंचबाईंनी माझं नाव दिलं,
तेव्हापासून वैनगंगा मीटरमध्ये माझ्या वहीत उतरते आहे.

नाकाडीवर झिबलकाका, हातात बांबू.
पडद्यावर आकडा यायच्या आत तो सांगून मोकळा, "कंबरभर."
"कोणाची कंबर?" कुरियन साहेबांनी पहिल्या दिवशी विचारलं.
"माही. पन आता थे बी थोडी खाली गेली."
तिसऱ्या दिवसापासून साहेब
आधी बांबूकडे पाहतात, मग पडद्याकडे.

फॉर्मला रकाने वीस.
पात्राची रुंदी. किमान खोली, महिनावार.
पुलाखालची मोकळी उंची.
वळणाची त्रिज्या विचारली तर काका हसला,
"नदीलेच इचारा, औंदा कोनीकडून वळनार हाये थे."

साहेब सांगतात, कागदावर ही नदी केव्हाच रस्ता झाली,
कायद्यात तिला क्रमांक मिळाला.
उद्या कदाचित बार्ज येतील. तांदूळ, बांबू, कोळसा.
पंधरावीस ट्रकांचा माल एका पोटात, धूर कमी.
रात्री लुकलुकणारे बोये, लाल नि हिरवे.
मला बोये आवडले.
आमच्या घाटावर दिवा एकच,
तोही मारुतीच्या मीटरवर.

अकरावा रकाना: अडथळे.

खडक लिहिला. खडकाचं कुणाला काही वाटत नाही.
पडक्या पुलाचा खांब लिहिला.
मासे धरायच्या बांबूच्या ताट्या लिहिल्या,
तेव्हा मान वर केली नाही.
त्यातल्या दोन आमच्या घरच्या.
डांगरवाड्या: रेतीत, उन्हाळाभर, सोळा घरं.
साहेब म्हणाले, हा अडथळा नव्हे, तरी लिही,
न लिहिलेलं पुढे कोणी विचारत नाही.

धरणाची दारं उघडल्याचं
घाटाला पाण्यानेच कळतं,
हे कुठे लिहू, मी विचारलं.
साहेबांनी वीसही रकाने पुन्हा वाचले.
मग म्हणाले, समासात.
समासात लाइफ जॅकेटही बसवली मी,
सहा नग, ग्रामपंचायतीच्या कपाटात,
किल्ली ग्रामसेवकाकडे,
ग्रामसेवक तालुक्याला.

सातव्या दिवशी मधल्या बेटावर उतरलो.
जिथून गाळ उपसायचा, तेच बेट.
पिवळ्या चोचीच्या नदीसुरयी डोक्यावर कालवा करत होत्या.
काका ओरडला, "जागीच उभे ऱ्हा!"
साहेबांच्या टाचेपाशी तीन अंडी,
रेतीच्याच रंगाची, रेतीसारखीच ठिपक्यांची.
साहेबांनी बूट काढले. का, ते मला कळलं नाही.
तापल्या रेतीत आपलेच ठसे शोधत
मागे मागे नावेपर्यंत आले,
आणि नकाशावर बेटाभोवती पेन्सिलीने गोल काढला.
आत काय लिहायचं ते ठरेना.
गोल तसाच आहे, रिकामा.

शेवटच्या दिवशी काकानं विचारलं, "मले कोन्त्या रकान्यात टाकलं?"
"तेरा. सध्याची वाहतूक.
डोंगा एक, रोजची माणसं चाळीस, सायकली पाच, शेळ्या वेगळ्या."
"नोंदणी क्रमांक?" साहेब म्हणाले.
काकानं डोंग्यावरून हात फिरवला,
जणू तिथे कुठेतरी असेल.

जाताना साहेबांनी आपलं नारिंगी जॅकेट त्याला दिलं.
मला वाटलं, घडी करून बुडाखाली घेईल.
दुसऱ्या सकाळी शाळेची खेप निघाली तेव्हा
डोंग्यात अकरा पोरं, मधोमध नवे मास्तर,
गळ्यापर्यंत नारिंगी, घामाघूम.
"पोरायले पोवता येते," काका म्हणाला, "मास्तरले नाई येत."

बांबू खाली गेला.
वही जमा करून झाली होती माझी,
तरी ओठांवर आकडा आला.